झाकणाला एक स्क्रू

प्रिय रो,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच लिहितो, की इथे सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई ठीक, कॅलम आणि लिनेट ठीक, त्यांचं बाळ मॉन्टी तर जरा जास्तच ठीक. कुणी पडलेलं नाही, कुणाला इस्पितळात नेलेलं नाही, बोटही तरंगते आहे. तेव्हा चहा करून घे आणि सावकाश वाच.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. वारा कुठला आहे, मासे लागतायत का, एवढं विचारून झालं की मी ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळा होतो. अख्खं आयुष्य शेवंडीचे पिंजरे ओढण्यात गेलं. समुद्रावर बोलायला समोर कोण असायचं? शेवंडी. त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही आणि मला गप्पांची सवय लागली नाही. लिहिताना मात्र जमतं. कुणी मध्ये ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ म्हणत नाही.

मार्लो बे तसंच आहे. वाळवंटावरून येणारा उत्तरेचा गरम वारा गेले काही दिवस नुसता भाजून काढतोय. धक्क्याच्या फळ्या बदलण्याचं काम नगरपालिकेने पुन्हा पुढे ढकललं. व्हायटिंग मासे यंदा बरे लागतायत, पण ते पहाटे जाणाऱ्यांना. मी आता पहाटे जात नाही. तुझी आई म्हणते, म्हातारा झालास. मी म्हणतो, शहाणा झालो. परवा तिने चर्चच्या मदतनिधीसाठी खोबऱ्याचा कीस लावलेले लॅमिंग्टन केक केले आणि त्यातले सहा माझ्या पोटात गेले, यावरून अजून घरात बोलणी चालू आहेत.

रो, तुझ्या क्लेमीबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही. तुझी आई आणि तू बोलता, रडता, हसताही. मी तेव्हा शेडमध्ये जाऊन उगाच दोऱ्या गुंडाळतो. म्हणून आज लिहितो. मला ती रोज आठवते. ती मला ‘पा’ म्हणायची, आणि मासा दिसला तरी ‘पा’ म्हणायची, त्यामुळे तिच्या लेखी आम्ही एकाच जातीचे होतो. माझ्या रबरी बुटांत दोन्ही पाय घालून ती अंगणभर फरफटत चालायची. बूट तिच्या मांडीपर्यंत यायचे. पडली तर रडायची नाही, आधी आजूबाजूला बघायची की कुणी पाहिलं का. कुणी पाहिलं असेल तरच रडायची.

कॅलमच्या वाढदिवसाची ती दुपार मी मनात इतक्या वेळा उलटसुलट केली आहे की आता त्यातलं खरं किती आणि माझ्या मनाचं किती, सांगता येत नाही. शेगडीवर सॉसेज होते, कांदा परतल्याचा वास होता. वारा होता म्हणून लिनेटने टेबलावर त्या प्लास्टिकच्या लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या मांडल्या होत्या, खऱ्या विझल्या असत्या म्हणून. त्यातली एक खाली पडली. कुणीतरी उचलून परत ठेवली. ती लुकलुकत नव्हती, पण तिकडे कोण बघतो? तिच्या बुडाचं झाकण उघडलं होतं आणि आतली बटणाएवढी बॅटरी लाकडी ओट्याच्या फळ्यांवरून घरंगळली होती, हे आपल्याला खूप नंतर कळलं. आपण सगळे तिथेच होतो. क्लेमी या मांडीवरून त्या मांडीवर जात होती. तिला एकटीला कुणी सोडलंच नव्हतं.

मग तो खोकला. लाळ गळत होती तर आपण म्हटलं दात येतायत. खात नव्हती तर दवाखान्यात म्हणाले घसा आला असेल, साथ चालू आहे. त्यांना तरी कसं कळणार? मूल बोलत नाही, कुणी काही गिळताना पाहिलेलं नाही. शेवटी मोठ्या इस्पितळात न्यायला विमान आलं तेव्हा मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभा होतो. तू तिला छातीशी धरून चढलीस. पांढऱ्या टॉवेलवर रक्ताचे डाग होते आणि तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, जणू मलाच धीर देत होतीस. अ‍ॅडलेडला पोचल्यावर एक्स-रेमध्ये तिच्या छातीत ते गोल दिसलं. डॉक्टरांनी ते काढलंही. पण तोवर अन्ननलिका जाळून ते शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत गेलं होतं. एवढीशी चकती. ती फुटत नाही, तिच्यातून विषही गळावं लागत नाही. ओल्या जागी अडकली की नुसती जाळत राहते. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. आता सगळ्या देशाला माहीत आहे आणि ते तुझ्यामुळे.

पण मला आधी दुसरी गोष्ट लिहायची आहे.

अंत्यसंस्कारानंतर कॅलमला ती मेणबत्ती सापडली. आवराआवर करताना खोक्यात. त्याने ती उलटी केली आणि बुडाशी रिकामं भोक दिसलं. तो तसाच, ती मुठीत घेऊन, आपल्या अंगणात आला. तू दोरीवर कपडे वाळत घालत होतीस. क्लेमीचेच होते, धुवायचे राहिलेले. मी शेडच्या दारात होतो. त्याने हात पुढे करून मूठ उघडली. मला वाटलं, आता संपलं, नात गेली आणि आता मुलगाही जाणार. तू किंचाळली असतीस, त्याला कधीच तोंड दाखवू नकोस म्हणाली असतीस, तर मी तुला एका शब्दाने दोष दिला नसता.

तू ती मेणबत्ती घेतलीस, नखाने ते झाकण उघड-बंद करून पाहिलंस. किती सहज उघडत होतं ते. मग म्हणालीस, “कॅल, ही तू बनवली नाहीस. कुणीतरी बनवली आहे.” आणि त्याला जवळ घेतलंस. तो तुझ्याहून वीतभर उंच, पण तिथेच खाली बसला आणि तूही त्याच्याबरोबर ओल्या कपड्यांखाली मातीत बसलीस.

त्या एका वाक्याने तू माझा मुलगा वाचवलास, रो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या महिन्यांत तो बोट घेऊन एकटा लांब जायचा आणि मी धक्क्यावर उभा राहून वाट बघायचो. तो परत यायचा, कारण तू रोज संध्याकाळी त्याला काहीतरी काम सांगायचीस. हे पत्र टाक, त्या दुकानात जाऊन बघून ये, कुठल्या वस्तूचं झाकण बोटाने उघडतं ते मला सांग. त्याला वाटायचं तो तुला मदत करतोय.

आणि मग सुरू झालं तुझं ते वेड. हो, मी वेडच म्हणायचो, तुझ्या माघारी. स्वयंपाकघरातलं टेबल गाडीच्या किल्ल्या, वजनकाटे, गाणारी वाढदिवसाची कार्डं, खेळण्यातले फोन यांनी भरून गेलं. आम्ही उभ्याने जेवायचो. तुझी आई चिडून म्हणायची, माझ्या टेबलावर सरकार बसलंय. पण कुणी हात लावला तर तीच ओरडायची. दुसऱ्या राज्यांतल्या आया तुला फोन करू लागल्या. काहींची मुलं गेली होती, काहींची वाचली होती पण गळ्यात नळी होती. तू एकटी नव्हतीस हे कळून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

तू सरकारला लिहायचीस, उत्तरं काय यायची? कंपन्या स्वतःहून नियम पाळतील, सक्ती कशाला. वेष्टणावर सूचना छापू. आईबापांनी लक्ष ठेवायला हवं. त्या रेडिओच्या कार्यक्रमात एका माणसाने फोन करून विचारलं होतं, आई कुठे होती म्हणून. तू तिकडे स्टुडिओत होतीस, आम्ही इथे ऐकत होतो. तुझ्या आईने सॉसपॅन खाली ठेवलं, फोन उचलला आणि लाइन लागेपर्यंत तशीच उभी राहिली. नंतर सगळ्या राज्याने ऐकलं, “मी ग्वेंडा, मार्लो बेहून. मी तिची आजी. आई तिथेच होती, भाऊ, मीही होते, आजोबा होते, मामा होता. आठ डोळे होते त्या पोरीवर. आता तुम्ही मला सांगा, ते झाकण बंद राहायला अजून किती डोळे लागतात?” निवेदकाने गाणं लावलं. तुझी आई परत येऊन बटाटे सोलायला लागली आणि तिने अर्धा बटाटा सालांबरोबर टाकून दिला.

आणि कॅनबेरा, राजधानीतली ती बैठक. ते आठवलं की अजून हसू येतं. तू म्हणालीस, डॅड, सोबत चला. माझ्याकडे बर्फाची पेटी दिलीस, आपल्या खाटकाकडच्या हॅमच्या चकत्या भरून. दारावरच्या रखवालदाराने पेटी उघडायला लावली. म्हणाला, “हे काय, जेवण?” मी म्हटलं, “पुरावा.” त्याने वाकून वास घेतला आणि म्हणाला, “पुरावा ताजा आहे, जा.”

आत लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, खात्याचे अधिकारी आणि खेळणी-दिव्यांच्या व्यापाऱ्यांचा तो प्रतिनिधी, गुळगुळीत दाढी केलेला. तू बोलायला उभी राहण्याआधी काहीच सांगितलं नाहीस. ताटलीत हॅमची एक चकती ठेवलीस, त्यावर बॅटरी, वर दुसरी चकती, आणि ताटली टेबलाच्या मधोमध सरकवलीस. मग क्लेमीबद्दल बोलू लागलीस. माझे बूट, ‘पा’, सगळं. मला वाटलं होतं तू रडशील. तू रडली नाहीस. टेबलाभोवतीचे दोघं-तिघं मात्र खाली बघायला लागले. मध्येच हळूहळू तो जळका वास यायला लागला. त्या प्रतिनिधीने खिडकीकडे पाहिलं, बाहेर कुठे काही पेटलंय का म्हणून. तू बोलत राहिलीस. शेवटी ताटली त्याच्याच पुढे ओढून म्हणालीस, “तुम्ही उघडा.” त्याने काट्याने वरची चकती उचलली. खाली काळं पडलं होतं, कडेने फेस येत होता. तू फक्त एवढंच म्हणालीस, “हे मी बोलत होते तेवढ्यात झालं.”

त्या क्षणी मला जे वाटलं त्याला अभिमान म्हणणं कमी पडेल. मी माझ्या बापाला समुद्राच्या वादळात बोट सांभाळताना पाहिलं आहे. तू त्याहून भारी होतीस. परतीच्या प्रवासात मी फक्त ‘उरलेल्या हॅमचं काय करायचं?’ असं विचारलं. तू हसलीस. किती काळाने हसली होतीस.

कायदा काही त्या दिवशी झाला नाही. एक मंत्री गेला, दुसरा आला, त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. सूचना मागवल्या, हरकती मागवल्या. तू नोकरी सोडलीस, तुझा संसारही त्या ताणात मोडला आणि त्याबद्दलही तू कुणाला बोल लावला नाहीस. मग एके दिवशी तुझा फोन आला, मी बोटीवर होतो, वाऱ्यात नीट ऐकू येईना. “डॅड, झालं,” एवढंच कळलं. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू हवा, नाहीतर दोन हातांशिवाय उघडता कामा नये, पाकीट पोराला फाडता येता कामा नये, आणि हे सगळं सक्तीचं. मी पिंजरा ओढायचा सोडून तिथेच बसून राहिलो. दोरी परत पाण्यात गेली.

त्यानंतर तू लांब होबार्टला राहायला गेलीस. बरं केलंस. इथल्या प्रत्येक अंगणात तुला ती दिसत असणार. मॉन्टी झाला तेव्हा तू विणलेली टोपी पाठवलीस, पुस्तकं पाठवलीस, पण आली नाहीस. कुणी विचारलं नाही. कॅलमने तर नाहीच. त्याचं काय चालतं ते तुला माहीत नसेल. तो रोज कामावरून आला की आधी हातापायांवर रांगत सगळी जमीन तपासतो. गाल फरशीला टेकवून सोफ्याखाली बघतो. लिनेट म्हणते, आमच्या घरी दोन रांगणारे आहेत.

गेल्या महिन्यात, क्लेमीच्या वाढदिवशी, तू फोन केलास. नेहमीप्रमाणे मी आईकडे फोन देणार होतो, पण तू थांबवलंस. तू म्हणालीस, “डॅड, जी मुलं जातात त्यांची नावं आपल्याला माहीत असतात. वाचतात त्यांची कधीच कळत नाहीत. मला कधीकधी वाटतं, कुणी वाचलंच नाही. मी नुसतीच स्वतःला कामात गुंतवलं.” मी मात्र वारा दक्षिणेचा आहे, असं काहीतरी बोललो. त्याबद्दल मला माफ कर.

आता मंगळवारचं सांगतो. तुझ्या आईचा दुखरा गुडघा आणि ही गरमी, म्हणून आम्ही उभा पंखा घेतला आहे, नवा, हातात मावणाऱ्या रिमोटचा. मॉन्टी दिवसभर आमच्याकडे होता. मी मटणाचे चॉप्स मुरवत ठेवत होतो, आई आरामखुर्चीत होती. मला वाटलं तो तिच्यापाशी आहे, तिला वाटलं माझ्यापाशी. मागच्या पायऱ्यांवरून ठक, ठक आवाज यायला लागला. बाहेर गेलो तर साहेब सिमेंटच्या पायरीवर बसून रिमोट आपटत होते. एकदा आपटायचा, तोंडात घालून चावायचा, परत आपटायचा. एक कोपरा फुटून उडाला होता. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला, त्याने भोकाड पसरलं, आणि मी रिमोट उलटा केला. झाकण जागेवर होतं. अंगठ्याने ढकललं, हललं नाही. स्वयंपाकघरातली सुरी घालून पाहिली, सुरीचं टोक वाकलं. शेडमध्ये जाऊन बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला, चष्मा लावला, तेव्हा कुठे तो स्क्रू फिरला. आत बॅटरी होती, चकचकीत, अगदी तेवढीच. तू शिकवलं आहेस तशी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मी ती गुंडाळून ठेवली. मग पायरीवर बसलो आणि मॉन्टीला मांडीवर घेऊन इतका रडलो की तो रडायचा थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आई काठी टेकत दारात आली, तिने रिमोट पाहिला, मला पाहिलं आणि तीही माझ्याशेजारी बसली. बसता येत नाही तिला, तरी बसली.

संध्याकाळी कॅलम आला. मी त्याला सगळं सांगितलं, काही न वगळता. त्याने तो फुटका रिमोट हातात घेतला, बराच वेळ त्या झाकणावरून बोट फिरवत राहिला. मला वाटलं ओरडेल, तसा त्याला हक्क होता. पण म्हणाला, “रोला कळवा, डॅड. फोनवर नको, मला बोलता येणार नाही आणि तुम्हालाही येत नाही. लिहा.” म्हणून हे लिहितोय. त्या दिवशी आमच्या घरी काहीच घडलं नाही, रो. सगळ्यांनी रात्री चॉप्स खाल्ले आणि झोपले. तू म्हणाली होतीस ना, वाचलेलं मूल कधी कुणाला कळत नाही? एक कळलं. त्याचं नाव मॉन्टी, वरती चार दात आहेत, डोक्याला टोपी राहू देत नाही, आणि आत्ता, मी हे लिहितो आहे तेव्हा, टेबलाखाली बसून माझ्या चपलेत वाळू भरतोय.

तुझ्या ऋणात, आणि तुझाच,
डॅड